रिहच्या अलीकडे

मिझोरममधला सर्वांत मोठा तलाव कुठे आहे? म्यानमारमध्ये! चम्फाईहून झोखावथारला निघालो तेव्हा सुमोवाल्याने हा विनोद ऐकवला आणि स्वतःच आधी हसला. तलावाचं नाव रिह. जुन्या मिझो समजुतीप्रमाणे मेलेल्याचा आत्मा रिहवरूनच मृतांच्या गावाला जातो. आता बहुतेक सगळे ख्रिस्ती. रिहची ओढ मात्र सुटलेली नाही.

चम्फाईची भाताची सपाट खाचरं मागे पडली की घाट, आणि मग तिआउ नदी. नदी कसली, फेब्रुवारीत ओढाच. पलीकडे रिहखावदार, म्हणजे म्यानमारचं चिन राज्य. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला टिळकांचं मंडाले आठवतं, फार तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा. इथे ब्रह्मदेश म्हणजे मावशीचं घर.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिकडे लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक हा ओढा ओलांडून येऊ लागले. दिल्लीच्या गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना लोंढा थोपवायला सांगितलं. मुख्यमंत्री झोरामथांगांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं: ही आमची रक्ताची माणसं आहेत. पुढे तीस हजारांवर माणसं मिझोरममध्ये राहिली. तांदूळ, कपडे, छपराचे पत्रे गोळा केले ते चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने. नोव्हेंबर २०२३ मध्ये बंडखोरांनी रिहखावदारचा तळ घेतला, तेव्हा तर म्यानमारचे सैनिकच पळून इकडे आले. त्यांना भारताने परत पाठवलं.

दिल्लीची अडचण खोटी नाही. ईशान्येतल्या अतिरेक्यांचे तळ, अमली पदार्थ, सित्वे बंदराचा प्रकल्प. या सगळ्यासाठी तिथल्या सेनापतींशी बोलावंच लागतं. पण मिझो माणसाला १९६६ चा मार्च आठवतो. मिझो नेते लालडेंगांच्या बंडानंतर आपल्याच हवाई दलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले, आणि कितीतरी मिझो याच दिशेने पळाले. झोरामथांगाही त्याच बंडातले. तेव्हाच्या आसऱ्याची ही फेड दिल्लीच्या फायलीत कुठल्या रकान्यात बसवणार?

पुलापाशी आसाम रायफल्सच्या जवानाने माझं ओळखपत्र पाहून नम्रपणे नकारार्थी मान हलवली. पूर्वी सीमेपासून सोळा किलोमीटरांतल्या रहिवाशांना व्हिसाविना जाता-येता येई. डिसेंबर २०२४ च्या नियमांनी ते अंतर दहा केलं, शिवाय पास लागतो. मी तर नाशिककडचा. रिह तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटर.

“तू पाहिलायस?” मी सुमोवाल्याला विचारलं.

त्याची आजी रिहखावदारची निघाली.