मोकळा दिवस

पेरूची ट्रिप 6 दिवसांत बसवायची होती. सुट्टीत बिलोलीला आलो तरी एक्सेल शीट उघडूनच बसलो. कुस्को 3,400 मीटरवर. हवा विरळ, म्हणून पहिला दिवस नुसता मोकळा ठेवला. मग पिसाकचा बाजार, मग माचू पिचू.

आई म्हणाली, “नुसतं बसायचे बी पैसे द्यावं लागतेत का रे?”

मला माहूर आठवलं. गेल्या वर्षी रेणुकामाता, दत्तशिखर, रामगड किल्ला असं सगळं मी तिला एका दिवसात उरकायला लावलं होतं. ती पायऱ्यांवर टेकली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं.

शीटमध्ये पेरूच्या वर नवी ओळ टाकली : माहूर, 2 मुक्काम. पहिला दिवस मोकळा, बांगड्या-कुंकवाच्या दुकानांतून हिंडायला. दुसऱ्या दिवशी पायऱ्या, वर कुटलेला तांबूल. सगळं आईच्या दमानं.