मंद इंटरनेटचे निदान

‘नेट स्लो चाललंय’ या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. मोठी फाइल उतरायला फार वेळ लागतो, ही एक. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो, ही दुसरी. आणि पान उघडायला सुरुवातच उशिरा होते, मात्र एकदा सुरू झाले की ते झरझर उघडते, ही तिसरी. पहिलीचा संबंध बँडविड्थशी, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते याच्याशी असतो. दुसरीचा लेटन्सीशी, म्हणजे माहितीचा एक तुकडा जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळेशी आणि त्या वेळेतील चढउताराशी असतो. तर तिसरीचे मूळ बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत सापडते. हा भेद न करता सरळ महागडा प्लॅन घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, आणि घरोघरी तोच होताना दिसतो.

यांशिवाय एक चौथी तक्रार असते, जी मुळात तक्रारच नसते. कंपनी वेग बिटमध्ये सांगते आणि संगणक फाइल उतरवताना तो बाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास माहिती उतरत असेल, तर ती जोडणी पूर्ण वेगानेच चालली आहे.

खरे निदान सुरू होते ते वाट मधोमध तोडण्यापासून. कंपनीच्या केंद्रातून निघालेला प्रकाश स्प्लिटर नावाच्या डबीत अनेक घरांसाठी विभागला जातो, घरातील ओएनटी हे यंत्र त्याचे विजेच्या संदेशांत रूपांतर करते, तेथून राउटर आणि राउटरपासून पुढे वायफाय अथवा लॅन केबल, अशी ही साखळी असते. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजला की साखळीचे दोन भाग पडतात. केबलवर प्लॅनएवढा वेग मिळाला, तर कंपनी निर्दोष ठरते आणि दोष राउटरपासून खोलीपर्यंतच्या दहा-बारा मीटरांत उरतो. अशा वेळी ग्राहक सहसा हिरमुसतो, कारण रागवायला कोणी उरत नाही.

मात्र ही केबलही साक्षीदार म्हणून तपासून घ्यावी लागते. तिच्यात तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतील नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, परंतु गिगाबिट वेगाला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार क्लिपमध्ये नीट दाबली गेली नसेल, किंवा दाराच्या फटीत चेपून तुटली असेल, तर बहुतेक उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि हिरवा दिवा लुकलुकतच राहतो. अशा वेळी वेगमापनाचा आकडा ९४-९५ च्या आसपास येऊन थांबतो, कारण प्रत्येक तुकड्यावरील पत्ता आणि वेष्टन यांतच पाचसहा टक्के खर्ची पडतात. ३०० चा प्लॅन असलेल्या घरात ९४ हा आकडा पुनःपुन्हा दिसला, की जाणकाराची नजर प्रथम क्लिपकडे जाते, आणि क्लिप धड असेल तर राउटरच्या पोर्टकडे, कारण अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट मुळातच १०० चे असतात.

वायफायबद्दल बरेच सांगितले जाते, त्यामुळे येथे थोडक्यात. हवा हे सामाईक माध्यम असून एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. म्हणून लांबच्या खोलीतील जुना फोन रेंगाळत बोलू लागला, की जवळच्या वेगवान लॅपटॉपलाही ताटकळावे लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस, पण आरसीसी भिंत, आरसा आणि लोखंडी कपाट यांच्यापुढे लवकर थकणारा. एवढे असूनही राउटरची जागा ठरते ती केबलवाल्याला भोक सापडले तिथे, म्हणजे दाराच्या वर किंवा टीव्हीच्या कपाटात.

याहून फसवा दोष म्हणजे बफरब्लोट. संध्याकाळी कुणाच्या तरी फोनमधून शेकडो फोटो क्लाउडवर चढू लागतात आणि शेजारच्या खोलीतील मीटिंग तुटक होते. वेग मोजावा तर आकडा उत्तम येतो. याचे कारण असे की, जाणाऱ्या मार्गाची क्षमता भरली की राउटर उरलेले तुकडे टाकून न देता रांगेत साठवतो, आणि ती रांग अवाजवी लांब असल्यामुळे आवाजाचे छोटे तुकडे फोटोंच्या मागे उभे राहतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाला हे नाव दिले. तो पकडण्याचे साधन मात्र माइक मस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्रॅम. पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल चढवायला लावली असता १५ मिलिसेकंदांचा आकडा तीनचारशेवर गेला, तर रोग निश्चित झाला असे समजावे. उपाय उलटा वाटेल असा आहे: राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम, म्हणजे रांगेला शिस्त लावण्याची सोय असल्यास कमाल वेग प्रत्यक्षापेक्षा पाचदहा टक्क्यांनी कमी बांधून द्यायचा, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि लहान तुकड्यांना पुढे सोडता येते.

राउटर बंद करून चालू करण्याच्या सर्वमान्य उपायाविषयी मात्र हात राखूनच बोलावे लागते. त्याने काम होते हे खरे. पण ज्या स्थितीत बिघाड होता ती स्थितीच पुसली जाते आणि चार दिवसांनी तोच बिघाड परत येतो. स्विचला हात लावण्याआधी ओएनटीवरील एलओएसचा दिवा लाल आहे काय ते पाहावे, कारण तो लाल असल्यास प्रकाशच पोहोचत नसतो आणि राउटर निरपराध असतो. दिवा ठीक असूनही जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाचे डीबीएम या एककात दिलेले मोजमाप पाहावे. ते उणे २७ च्या जवळ गेले असल्यास कुठेतरी फायबर दुमडली आहे किंवा जोडात धूळ बसली आहे असे धरून चालावे. फायबरचे टोक मात्र डोळ्यासमोर धरू नये, कारण तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यात शिरतो.

तक्रार नोंदवताना वायफायवरचा आकडा पाठवू नये. केबल लावून सकाळी आणि रात्री घेतलेली दोन मोजमापे, त्यांच्या वेळा आणि डीबीएमचा आकडा लिहून पाठवावा.