बॉसचा दूधभाऊ आणि चौसष्ट खांब

ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला जाणं होतंच. मीटिंग आटोपलेली असते, परतीची फ्लाइट रात्रीची. मधल्या चार तासांत करायचं काय? कनॉट प्लेसमधलं शॉपिंग? ते नेहमीचंच! त्यापेक्षा रिक्षा पकडा आणि निजामुद्दीन बस्तीत शिरा. कबाबचा धूर, गुलाबपाकळ्यांच्या टोपल्या, दर्ग्याकडे निघालेली गर्दी... वाटेत मिर्झा गालिबची कबर लागते. बहुतेक जण तिथं फोटो काढून पुढे सटकतात. तुम्ही मात्र शेजारच्या आवारात डोकवा. हा चौसष्ट खंबा.

बाहेरून पाहिलं तर सपाट छपराची साधीशीच इमारत. आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. ६४ खांब, वर २५ घुमट (बाहेरून एकही कळत नाही!), चारही बाजूंना जाळ्या आणि सगळं पांढऱ्या संगमरवरात. ही १६२३-२४ ची कबर गुजरातचा मुघल सुभेदार मिर्झा अझीझ कोका याची. सोबत त्याच्या घरातली माणसंही इथंच आहेत.

'कोका' म्हणजे दूधभाऊ. अझीझच्या आईनं, जिजी अनगानं, लहानग्या अकबराला पाजलं होतं. एकाच अंगावर दूध प्यालेले दोघं; पण एक झाला बादशहा आणि दुसरा त्याचा नोकर. तोही कसला, तर फटकळ! घोड्यांना डाग देण्याचा नवा नियम आला, तर यानं सरळ विरोध केला. बॉसनं त्याला आग्र्याच्या बागेत नजरकैदेत टाकलं. १५९३ मध्ये स्वारी न सांगता मक्केला निघून गेली. परत आल्यावर? अकबरानं पुन्हा मानानं ठेवून घेतलं. जहांगीरनं मात्र असले लाड केले नाहीत. अझीझला ग्वाल्हेरच्या किल्ल्यातला कैदखाना बघावा लागला. आपल्याकडेही त्याची एक खूण आहे, पण ती अभिमानाची नाही : १५८६ मध्ये वऱ्हाडातलं एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, त्यानंच लुटलं होतं.

१६२४ मध्ये तो गेला अहमदाबादला, पण विसावला इथं. का, ते दोन गल्ल्या फिरलात की कळतं. बस्तीतच त्याच्या वडिलांची, अतगा खानाची, लाल दगडाची देखणी कबर आहे. १५६२ मध्ये अधम खानानं दरबारी राजकारणातून त्यांचा खून केला. ती कबर अझीझनंच बांधवून घेतली.

संगमरवर आज इतका लखलखतो, त्यामागे २०११ ते २०१४ ची मेहनत आहे. दगड सांधणारे लोखंडी खिळे पाणी झिरपून गंजले, फुगले आणि संगमरवर आतून तडकू लागला. आगाखान ट्रस्टच्या कारागिरांनी घुमटांचे दगड उतरवून एकेक खिळा काढला आणि दगड पुन्हा जागेवर बसवले. बाहेरून छान दिसणारं आतून कसं तडकत असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

मी गेले तेव्हा नुकतंच बॉसशी वाजलं होतं, राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता. तिथं बसल्यावर वाटलं, या माणसानं दोन बादशहांशी भांडून घेतलं, सुभे मिळवले, गमावले. पण शेवटचा पत्ता निवडला तो वडिलांच्या शेजारचा.

मेल तसाच ठेवला. एअरपोर्टवर चेक-इनच्या रांगेतून घरी बाबांना फोन लावला. काम काहीच नव्हतं.