सात माणसें, एक कुत्रा आणि श्रीवर्धनची वाट

पुण्याहून श्रीवर्धनास जाण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. परंतु आमच्या घराण्याची वाट ताम्हिणी घाटाची. चांदणी चौक सोडला कीं पिरंगुट, पौड, मग मुळशीचें पाणी, घाट, विळें, माणगांव, म्हसळें, आणि शेवटीं पोफळींच्या वाड्यांमधून दिसणारा समुद्र. सारें अंतर सुमारें १६० किलोमीटर. ही वाट आम्हीं लहानपणीं एस. टी.नें, पुढें भाड्याच्या गाडीनें आणि गेलीं चार वर्षें स्वतःच्या सात आसनांच्या मोटारीनें तुडविली आहे, आणि तिच्याविषयीं कांहीं लिहावें असें कधीं मनांत आलें नव्हतें. यंदां मात्र या प्रवासापूर्वीं एका लहानशा वस्तूच्या निवडीपायीं आम्हांला दोन महिने जो खल करावा लागला, तो ज्यांच्या घरीं मोठी गाडी आणि कुत्रा हीं दोन्ही आहेत अशा वाचकांस उपयोगी पडण्याजोगा आहे. ती वस्तु म्हणजे गाडीचा मागचा सामानाचा भाग आणि माणसांचीं आसनें यांच्यामध्यें बसवावयाची जाळी.

आमच्या कुत्र्याचें नांव खंड्या. तो गांवठी, तांबूस रंगाचा, वजनानें चोवीस किलो, आणि जन्मानें श्रीवर्धनचा. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ त्या किनाऱ्यावर आदळलें व श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. आमची वाडी साफ करावयास आम्ही गेलों, तेव्हां पडलेल्या माडाखालीं हें पिल्लू सांपडलें. त्याच पावसाळ्यांत आमच्या मातुःश्रींनीं तेथें पोफळीचीं नवीं रोपें लावविलीं. तेव्हांपासून वर्षांतून दोनदां तीं रोपें पाहून येणें हा त्यांचा नेम झाला, आणि खंड्याहि अर्थातच बरोबर.

गेल्या वैशाखांत या नेमाला विघ्न आलें. आम्ही सातहि माणसें गाडींत होतों व खंड्या अगदीं मागच्या रांगेंत पुतण्याच्या पायांशीं मोकळाच बसला होता. ताम्हिणीच्या एका वळणावर कठड्यावर वानरांचा कळप दिसला. खंड्यानें तो पाहिला मात्र, आणि मधली रांग ओलांडून त्यानें जी झेप घेतली ती थेट पुढच्या आसनावर बसलेल्या मातुःश्रींच्या मांडीवर, आणि तेथून गाडी चालविणाऱ्या आमच्या डाव्या हातावर. चाक फिरलें. गाडी कठड्याला घासून थांबली. पलीकडे दरी होती. मातुःश्रींच्या उजव्या मनगटाचें हाड चिरलें, आणि पुढें सहा आठवडे त्यांना डाव्या हातानें माळ ओढावी लागली.

पुण्यास परतल्यावर घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वडील बंधूंचें, म्हणजे दादांचें, मत सरळ होतें: कुत्र्यानें घरीं राहावें, माणसांनीं प्रवास करावा. परंतु घरीं त्याला खावयास कोण घालणार? पूर्वीं एकदां त्याला शहराबाहेरील एका श्वानगृहांत चार दिवस ठेवलें होतें, तेव्हां त्यानें अन्नाला तोंड लावलें नव्हतें. वहिनी म्हणाल्या, पिंजरा घ्या. पण एवढ्या कुत्र्याला उभें राहून वळतां येईल असा पिंजरा आमच्या डिकींत मावेना. निकाल लागला तो मातुःश्रींकडून. ज्यांचा हात मोडला त्याच म्हणाल्या, "धर्मराजानें कुत्र्यासाठीं इंद्राचा रथ नाकारला, आणि तुम्हांला एक बांक दुमडणें जिवावर येतें! तो तिकडचाच आहे, त्याला न्या. पण माझ्या आणि त्याच्या मध्यें भिंत पाहिजे." वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये, मातुःश्रींनीं खंड्याला आजवर स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडूं दिलेला नाहीं, आणि त्याचा स्पर्श झाला तर त्या हातपाय धुवूनच देवघरांत जातात.

भिंत कशासाठीं हवी, याचा आम्हीं आधीं अपुराच विचार केला होता. खंड्यानें पुढें येऊं नये, एवढेंच आमच्या डोळ्यांपुढें होतें. पुतण्या अकरावींत पदार्थविज्ञान शिकतो. त्यानें वहीच्या कोपऱ्यांत हिशेब मांडून दाखविला कीं, ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागीं थांबली, तर आंतला मोकळा कुत्रा त्याच वेगानें पुढें जातो, आणि तो वेग सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडणाऱ्या वस्तूइतका असतो. चोवीस किलोंचें पोतें तिसऱ्या मजल्यावरून कोणाच्या डोक्यावर पडावें, तसा हा प्रकार. हें ऐकून दादाहि गप्प झाले. इंग्लंडच्या 'हायवे कोड'मधील ५७ वा नियम याच कारणानें कुत्र्याला गाडींत मोकळें सोडूं नका असें सांगतो. पट्टा, पेटी, पिंजरा किंवा जाळी, यांपैकीं कोणता उपाय करावयाचा तें त्यानें मालकावर सोडलें आहे.

मग नाना पेठेंतील दुकानें पालथीं घातलीं. नायलॉनचें जाळें स्वस्त होतें व घडी करून ठेवतां येण्याजोगें होतें. परंतु खंड्यानें आमच्या सुंभाच्या बाजेची काय अवस्था केली होती हें आठवून आम्हीं तें हातांतहि घेतलें नाहीं. दुसरा प्रकार गाडीचा तळ आणि छत यांच्यामध्यें स्क्रूनें ताणून बसवावयाच्या नळ्यांचा. दुकानांत तो पक्का वाटतो. पण गाडीचें छत आंतून पुठ्ठ्यासारखें मऊ असतें. ताण दिला कीं तें दबतें, आणि खड्ड्यांतून शंभर किलोमीटर गेल्यावर तोच ताण ढिला पडतो. शिवाय आमच्या गाडीच्या छताच्या दोन्ही कडांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा आहेत. अपघाताच्या क्षणीं त्या जेथून खालीं यावयाच्या, नेमकी तेथेंच नळी अडकविली तर मुलांच्या डोक्यांचें रक्षण करणारी योजना आपणच मोडली असें होईल. विक्रेत्याला हें विचारलें, तेव्हां "आजवर कोणाची तक्रार नाहीं" एवढेंच उत्तर मिळालें. तिसरी जाळी आसनांच्या हेडरेस्टच्या दांड्यांना आकड्यांनीं धरणारी. ती वरून बरी, पण खालून लोंबती. आसनाची पाठ कलती केली कीं तीहि कलते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस कुत्र्याला घुसतां येईल एवढी फट राहत होती. परदेशांत एकेका गाडीच्या मापानें घडविलेल्या आणि कारखान्यानें मुळांतच ठेवलेल्या जागीं बसणाऱ्या जाळ्या मिळतात. सर्वांत उत्तम त्याच. आमच्या गाडीसाठीं तशी कांहीं मिळेना.

शेवटीं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्हीं घरींच नमुना तयार केला. त्यांत दोन रविवार गेले. मधल्या रांगेच्या पाठीला तो पुठ्ठा उभा करून मागें खंड्याला बसविलें. पहिल्याच दिवशीं त्यानें एक कोपरा खाल्ला; फट कोठें राहिली आहे हें आम्हांला त्याच्या दांतांवरून कळलें. तो खाल्लेला नमुना घेऊन, आमच्या खिडक्यांच्या जाळ्या ज्यानें केल्या होत्या त्या वेल्डिंगवाल्याकडे गेलों. त्याचा पहिलाच प्रश्न आम्हांस फार आवडला. "साहेब, कुत्रा किती किलोचा?" इतक्या दुकानांत हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता. मात्र गाडीच्या तळाला चार भोंकें पाडून बोल्ट मारण्याची त्याची सूचना आम्हीं मानली नाहीं. तळाखालीं इंधनाची टांकी आहे, तारा आहेत, आणि कोंकणच्या खाऱ्या हवेंत नव्या भोंकाभोंवतीं गंज चढावयास एक पावसाळा पुरतो.

ठरली ती जाळी अशी. चौकोनी नळीची चौकट, तिच्यांत उभे गज, दोन गजांत दोन इंचांचें अंतर. गज आडवे असते तर पंजे टेकून चढावयास पायऱ्याच मिळाल्या असत्या, अंतर अधिक असतें तर डोकें अडकलें असतें, आणि पत्रा लावून सारें बंद केलें असतें तर मागचा रस्ता आरशांत दिसला नसता व थंड हवाहि मागें पोहोंचली नसती. छताच्या दोन्ही कडांपासून चार चार बोटें जागा मोकळी सोडली. वर हेडरेस्टच्या दांड्यांना दोन आणि खालीं सामान बांधण्यासाठीं कारखान्यानेंच दिलेल्या कड्यांना दोन, अशी चार ठिकाणीं ती पकडली. वजन नऊ किलो भरलें. म्हणून पकडीविषयीं आम्हीं फार आग्रह धरला, कारण जाळीच सुटून पुढें आली तर ती कुत्र्याहून वाईट. कडा घासून घेतल्या, नळ्यांच्या तोंडांना रबराचीं टोपणें बसविलीं, काळा रंग दिला. एकंदर खर्च साडेचार हजार रुपये. तरीहि कारागिराची जाळी म्हणजे प्रयोगशाळेंत आदळून पाहिलेली जाळी नव्हे, हें ध्यानांत ठेवून खंड्याला छातीचा रुंद पट्टा घेतला आणि तो आंखूड दोरीनें खालच्या कड्याला बांधण्याचें ठरविलें. गळपट्ट्याला दोरी बांधूं नये. धक्का बसला तर मानेवर येतो. या दोरीचा दुसरा उपयोग असा कीं, मागचें दार उघडतांच कुत्रा भर रस्त्यांत उडी घेत नाहीं.

जाळी घरीं आली त्या दिवशीं मातुःश्री काठी टेकीत अंगणांत उतरल्या. त्यांनीं काठीच्या टोंकानें जाळीला चारहि कोपऱ्यांत ढोसून पाहिलें व कांहीं न बोलतां आंत गेल्या.

आतां उरला आसनांचा प्रश्न. मागची रांग दुमडल्यावर सातांचीं आसनें पांच झालीं आणि माणसें सातच राहिलीं. अर्धीच रांग दुमडून उरलेल्या आसनावर आमच्या सात वर्षांच्या कन्येला बसवावें, असा एक विचार निघाला होता. पण मग कुत्रा आणि मूल जाळीच्या एकाच बाजूला आलीं. मग जाळी केली कशाला? दोन दिवस या गोष्टीवर घरांत कोणीं मोकळेपणीं बोलेना. एकत्र कुटुंबांत "तुम्ही येऊं नका" हें वाक्य कोणाच्या तोंडून निघावें! अखेर खंड्याला घरीं ठेवा असें ज्यांनीं म्हटलें होतें ते दादाच रात्रीं जेवतांना म्हणाले, "मी आणि ही स्वारगेटहून एस. टी.नें येतों. मला बसच्या खिडकींतून घाट पाहून किती वर्षें झालीं."

मार्गशीर्षांत निघालों. पौडच्या पुढें गवत पिवळें पडलें होतें आणि मुळशीचें पाणी त्याच्यामध्यें निळेंशार दिसत होतें. या पाण्याखालीं गेलेल्या गांवांसाठीं १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मुळशीचा सत्याग्रह झाला. मातुःश्री त्या पाण्याला प्रत्येक वेळीं गाडींतूनच हात जोडतात. तेथें पहिला मुक्काम खंड्यासाठीं केला. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांपुरता. अंगांतील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून घालवितो, आणि डिकींत थंड हवा नेहमींच उशिरां पोहोंचते. म्हणून दीड-दोन तासांनीं त्याला उतरवून पाणी पाजावें, आणि उन्हांत बंद गाडींत तर पांच मिनिटेंहि ठेवूं नये. आम्ही चहा प्यालों तो आळीपाळीनें.

ताम्हिणी गांव मागें पडलें आणि घाट लागला. गाडींतलें बोलणें आपोआप थांबलें. वैशाखांतलें तें वळण आम्हांस ओळखूं आलें, कारण कठड्यावर आमच्या गाडीचा रंग अजून होता. तेथें वानरें नव्हतीं. तीं दोन वळणें खालीं होतीं, आणि या वेळीं रस्त्याच्या मधोमध. खंड्यानें दोरी देईल तेवढी झेप घेतली. जाळी खणाणली, पंजे गजांवर आदळले, भुंकण्यानें कांचा थरथरल्या. पण चाक आमच्या हातांत स्थिर राहिलें व गाडी सरळ उभी राहिली. मातुःश्रींनीं मागें वळून पाहिलें नाहीं. त्यांनीं डाव्या हातानें उजवें मनगट घट्ट धरलें होतें.

"गेलीं का वानरें?" त्यांनीं विचारलें.

"गेलीं, आई."

"त्याला लागलें नाहीं ना, बघ बरें."

लागलें नव्हतें. विळ्याच्या खालीं हवा दमट झाली, माणगांवास महामार्ग ओलांडला, आणि म्हसळ्यापुढें प्रत्येक चढावर कन्या समुद्र दिसला म्हणून ओरडूं लागली. ज्या गांवाच्या भट देशमुखांच्या घराण्यांतील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्यें पेशवे झाले, तें हें श्रीवर्धन. पण आमच्या घरांत त्या दिवशीं पेशव्यांची आठवण कोणासहि झाली नाहीं. दादा आणि वहिनी आमच्या आधीं अर्धा तास पोहोंचून वाडीच्या दारांत उभीं होतीं; त्यांच्या एस. टी.ला कुत्र्याला पाणी पाजावयाचें नव्हतें. दादांनींच मागचें दार उघडलें, दोरी सोडली, आणि खंड्या धांवला तो नव्या पोफळींत. वादळानंतर लावलेल्या त्या रोपांपैकीं तिघांना यंदां पहिला फुलोरा आला होता. मातुःश्रींनीं प्रत्येक झाडाखालीं उभें राहून तो मोजला. मग खंड्याला हांक मारून, तो पायांशीं येऊं लागतांच काठी आडवी धरून म्हणाल्या, "तेथेंच बस."

पांच दिवसांनीं परत फिरलों, तेव्हां दादा गाडी चालवावयास बसले. आम्ही उभयतां ओल्या सुपारीची पिशवी घेऊन एस. टी.च्या स्टँडवर गेलों. गाडी आमच्यासमोरून गेली, तेव्हां दोन गजांमधून एक ओलें नाक तेवढें दिसलें.