उशाशी ठेवलेली पुरचुंडी

आपल्यापैकी किती जणांच्या घरी बाळाच्या उशाशी ओवा-कापराची पुरचुंडी असते? माझ्या माहेरी ती होती, सासरीही होती. माझ्या दोन्ही मुलांना सर्दी झाली की कापूर विरघळवलेले खोबरेल मी त्यांच्या छातीला चोळत असे. मुले धडधाकट वाढली. त्यामुळे नातवाच्या वेळी मनात शंका म्हणून आली नाही.

तो तेव्हा अडीच महिन्यांचा होता. नाक चोंदलेले, दूध ओढता येईना, म्हणून सारखा रडे. दोन रात्री जागलेली सून नुकती कुठे झोपली होती. तिला न उठवता मी कापराचे खोबरेल त्याच्या छातीला लावले, रुमालावर निलगिरीच्या तेलाचे चार थेंब टाकून तो उशाशी ठेवला आणि तेलाचे बोट त्याच्या नाकाखाली टेकवले. रडणे एकाएकी थांबले. क्षणभर मला बरे वाटले. मग दिसले, श्वासच थांबला होता. ओठ काळेनिळे पडत होते. उचलून उभे धरले, पाठ चोळली, तेव्हा त्याने टाहो फोडला.

"नाकाखाली काय लावलंत?" हा रुग्णालयातील डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न. त्या रागावल्या नाहीत, हेच मला अधिक लागले. कापूर, निलगिरी, पुदिन्याचे सत्त्व यांचा उग्र वास तान्ह्याच्या नाकाशी आला, तर त्याचे स्वरयंत्र आवळून श्वास अडू शकतो, असे त्यांनी समजावले. एवढे लहान मूल श्वास मुख्यतः नाकानेच घेते. त्याची त्वचा नाजूक, वजनाच्या मानाने तिचा विस्तार मोठा, आणि अंगात गेलेले द्रव्य निकामी करणारे यकृत अजून अपक्व. 'झाडापाल्याचेच तर आहे' हे आपले पालुपद येथे कामाचे नाही; ढीगभर पाल्यातून चमचाभर निघणारा अर्क म्हणजे पाला नव्हे.

पोटात गेल्यास धोका फारच वाढतो. कापराने काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. २० टक्के कापूर असलेल्या तेलाच्या एका चमच्यात सुमारे १ ग्रॅम कापूर असतो. तेवढ्यानेही लहान मुले दगावली आहेत. असे तेल अमेरिकेत १९८२ साली बाजारातून काढून टाकण्यात आले. आपल्याकडे मात्र कापराच्या वड्या देवघरात, रांगत्या मुलाच्या हाताशी असतात. मुलाने असे काही गिळलेच, तर त्याला ओकारी काढायला लावू नका; बाटली किंवा डबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

मग चोंदलेल्या नाकाला करायचे काय? डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि थोडे थोडे पण वारंवार अंगावरचे दूध. बाळाला श्वास घेताना धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते दूधच घेत नसेल, तर घरी थांबू नये. सुगंधी तेलाचे विजेवरचे दिवेही बाळाच्या खोलीत नकोत. मालिशला साधे तेल पुरते.

सून मला एका शब्दानेही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी पुरचुंडी उचलली, साबणाने हात धुतले. वास जाईना, म्हणून पुन्हा धुतले. मी दाराशीच उभी राहिले. तिने बाळाचे दुपटे सारखे केले आणि म्हणाली, "आई, घ्या ना याला. मी दोन घास खाऊन घेते."