खंडेनवमीचा डाग

काका गेले आणि त्यांचे रिव्हॉल्व्हर, कायद्याप्रमाणे, एका शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागले. काही दिवसांनी काकू मला म्हणाल्या, ‘‘तुला त्यातलं कळतं. किंमत तूच ठरव, आणि जमलं तर तूच घे.’’ पारखणारा मीच आणि घेणाराही मीच, हा पेच त्या भोळ्या वाक्यात दडला होता.

आमच्या ग्वाल्हेरकडे बंदूक खांद्यावर मिरवण्याची हौस फार. काकांचे शस्त्र मात्र मिरवण्याचे नव्हते, निशाणेबाजीचे होते. नळी सहा इंचांची. लांब नळीमुळे गोळी आपोआप अचूक जाते असे नव्हे. माशी आणि मागची खाच यांतील अंतर वाढल्यामुळे हाताची चूक डोळ्याला लवकर दिसते, एवढेच.

विक्रेत्याने ते ‘जुने बत्तीस बोअर’ म्हणून एक आकडा सांगितला. मी प्रथम सिलिंडर उघडून ते रिकामे असल्याची खात्री केली. नळी उजेडाकडे धरली. आटे स्वच्छ होते. घोडा चढवल्यावर सिलिंडर हलत नव्हता. मुठीच्या तळाचा क्रमांक सिलिंडरवर आणि नळीच्या खालच्या बाजूसही तोच होता, आणि त्याच्या आरंभी ‘के’ हे अक्षर. स्मिथ अँड वेसन कारखान्याने 1957 पासून मॉडेलचे क्रमांक ठोकायला सुरुवात केली; इथे तो नव्हता. म्हणजे हे त्याआधीचे ‘के-32 मास्टरपीस’. बावीस आणि अडतीस बोअरच्या त्याच्या भावंडांच्या मानाने ते फार थोडे निघाले. शिवाय 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाल्याने आपल्याकडे अशा वस्तूचा भाव वेगळाच असतो.

विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळले नसते. खोटे सांगावे एवढे धैर्य माझ्यात नाही. पण गप्प राहायला धैर्य लागत नाही, हे त्या दिवशी उमगले.

एक दोष मात्र होता. उजव्या अंगाला, निळसर झिलईवर, रुपयाएवढा गंजाचा खडबडीत डाग. विक्रेता म्हणाला, ‘‘घासून नवी झिलई देऊ.’’ मी नको म्हटले. घासल्याने अक्षरांच्या कडा बोथट होतात, मूळ पृष्ठभाग जातो, आणि संग्राहकाच्या लेखी डागापेक्षा ते नुकसान मोठे असते.

संध्याकाळी काकूंना सारे सांगितले. विक्रेत्याने सांगितलेला आकडा सांगितला आणि खरी किंमत त्याच्या तिप्पट धरावी हेही. डागापोटी थोडी वजावट करावी लागेल, असे चाचरत म्हणालो. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘तो डाग माझाच रे. दर खंडेनवमीला मी तिथंच ओलं कुंकू लावायची. हे म्हणायचे, पुसून टाक. मी म्हणायची, राहू दे दसऱ्यापर्यंत.’’

मी वजावट केली नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात; माझ्याकडे एक जागा रिकामी होती. कागदपत्रे यथावकाश झाली. आता मी दर महिन्याला त्याला तेल देतो, आणि डागावरून फडके जरा हलक्या हाताने फिरवतो.