एक घास काऊचा

आमच्या चिरंजीवांनी हौसेने लायनफिश पाळला. स्वारी जिवंत मासेच खायची! पण नुसते गोल्डफिश दिले तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून फ्रीझरमधला लहानसा मासा पूर्ण वितळवून, काडीला टोचून पाण्यात हलवायचा. काटे विषारी, तेव्हा काडी चांगली लांब हवी. ५ दिवस साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझा जीव कासावीस. मुलगा म्हणाला, "आई, मागे लागू नकोस. भूक लागू दे त्याला." सहाव्या रात्री दिवे मंद केले आणि गट्टम्! पुढे काडी हलवणं हळूहळू कमी केलं. आता पाण्यात सोडलेला तुकडा तो आपणहून टिपतो.

परवा चिरंजीव कॉलेजला दूर निघाले. मी भाजी-आमटीचे ७ डबे भरले होते. ४ परत फ्रीझरमध्ये ठेवले.